मदत हवी आहे: 'आजारातल्या सायकल'वरून तुळजापूर गाठावं का?

नमस्कार मंडळी. वय ४१, सोलापूर, अशोक चौकाजवळ राहतो. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात चढतं, कधी पार खचतं, असा आजार. मे महिन्यात पाच रात्री झोपलो नाही, दुकानाचे पैसे उधळले, शेवटी भावानं नेऊन ॲडमिट केलं. अठरा दिवस. आता त्यावरचं लिथियम हे औषध चालू आहे, दुकानात रोज तीन-चार तास बसतो.

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाली की एका रविवारी सोलापूर ते तुळजापूर आणि परत अशी राइड आहे, साधारण ९० किलोमीटर. किलोमीटरमागे ओळखीचे लोक पैसे देतात, ते मुलींच्या एका वसतिगृहाला जातात. मी नाव दिलंय. बाराजणांनी आकडेही लिहून दिलेत.

अडचण अशी, की ही सायकल मी त्या पाच दिवसांतच घेतली होती. पहाटे तीनला, मोबाइलवरून, हप्त्यावर. घरी आलो तेव्हा आईनं तिच्यावर जुनी चादर टाकून जिन्याखाली ढकलली होती. आईच्या तोंडी ती अजून 'आजारातली सायकल'च. राइडचं कळल्यावर भाऊ म्हणाला, "काय बे, परत सुरू झालं का?" बायको तेव्हा गप्प राहिली. रात्री म्हणाली, "तुम्ही खूश दिसला की मला झोप लागत नाही."

खरं सांगायचं तर मलाही कळत नाही. सरावाला हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत जाऊन येतो, आल्यावर सडकून भूक लागते, शेंगाचटणी-भाकरीला चव लागते. हे बरं होणं आहे की परत चढायला लागलंय? मे महिन्यातही असंच छान वाटत होतं.

डॉक्टर नाही म्हणाले नाहीत, पण अटी आहेत. आधी रक्तातली लिथियमची पातळी बघायची. पाणी कमी पडू द्यायचं नाही, घाम जाऊन अंग सुकलं की पातळी वर जाते. पाय दुखले म्हणून आपल्या मनानं आयबुप्रोफेन घ्यायची नाही, त्यानंही ती वाढते. उलट्या झाल्या, तोल गेला, हात जास्त थरथरले तर तिथंच उतरायचं. (थोडे थरथरतात तसेही; घाटाच्या उतारावर ब्रेकचं काय होणार, देव जाणे.) आणि झोप मोडायची नाही. इथंच घोडं अडलंय, कारण जमायचं आहे पहाटे साडेचारला.

ज्यांनी स्वतः किंवा घरात हे काढलंय, त्यांना विचारतो: पहाटेसाठी झोपेचं कसं जमवलंत? संयोजकांना आजाराचं सांगावं का? सोलापूर ते केवढं, सकाळी सांगितलं की संध्याकाळी नव्या पेठेत पोचलेलं असतं. आणि घाटाखालूनच परत फिरलो तर त्या बाराजणांना तोंड कसं दाखवायचं?

'हिंमत करा' असे प्रतिसाद कृपया नकोत. मे महिन्यात हिंमत कमी नव्हती.

ता. क. बायकोनं हे वाचलं. ती भावाला घेऊन वाटेतल्या तामलवाडीला थांबणार आहे. तिनं हात केला की मी उतरायचं, वाद घालायचा नाही. मान्य केलंय. पण माझ्याकडे बघून तिनं नेमकं काय ओळखायचं? कुणाच्या घरी अशी खूण ठरलेली असेल तर सांगा.