योक आधी की पेडल्स? घरच्या विमानावर पैसे नेमके कुठे घालावेत

उजवा_पाय:

गेल्या रविवारी एका मित्राकडे कॉम्प्युटरवर विमान उडवायचं (फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे सिम) त्याचं नवं 'कॉकपिट' बघायला गेलो होतो. जेवणाच्या टेबलाला क्लॅम्पने घट्ट बसवलेला योक (विमानाचं स्टिअरिंग), शेजारी इंजिन चालवायचा सहा दांड्यांचा थ्रॉटल, समोर ३२ इंची पडदा. वहिनी हल्ली कुठे जेवतात ते विचारलं नाही. पडद्यावर जुहूच्या धावपट्टीवर छोटी सेस्ना १७२ उभी होती. पठ्ठ्याने पूर्ण पॉवर दिली, ५५ नॉटला योक मागे घेतला आणि विमान सुतासारखं सरळ वर गेलं.

माझं दुखणं इथेच आहे. खरी सेस्ना पूर्ण पॉवरला आपण होऊन सरळ जातच नाही. पंख्यामुळे नाक डावीकडे ओढ घेतं आणि वैमानिक उजव्या पायाने पेडल दाबून रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, फिरवतो आणि ते आवरतो. इन्स्ट्रक्टर मंडळी दिवसभर "राइट रडर, राइट रडर" ओरडत असतात ते उगीच नाही. मित्राकडे पेडल्स नव्हती, म्हणून सेटिंगमध्ये ऑटो-रडर चालू. म्हणजे दोन्ही पायांचं काम कॉम्प्युटर करत होता आणि हा बाबा खरं विमान उडवल्याच्या आनंदात.

तर माझं म्हणणं, पैसे मोजकेच असतील तर आधी पेडल्स घ्या. हातात साधी जॉयस्टिक असली तरी चालेल. योक दिसायला खऱ्यासारखा, पण हाताला खोटं सांगतो. सेस्नात योकपासून शेपटीपर्यंत तारा आणि पुली आहेत. वेग वाढला की योक जड होतो, स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटणं, जवळ आला की ढिला पडतो. आपल्या योकमध्ये असते स्प्रिंग. तिला वेगाशी काही देणंघेणं नाही, विमान पार्किंगमध्ये उभं असलं तरी तेवढाच जोर.

ट्रिमचं तर पार उलटं होतं. खऱ्या विमानात योक हवा तिथे धरायचा आणि हातावरचा भार जाईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवायचं. योक तिथेच राहतो. घरी स्प्रिंगचा मध्य जागचा हलत नाही, म्हणून चाक फिरवता फिरवता योक हळूहळू मध्यावर सोडत यावं लागतं. एकदा हाताला ही सवय लागली की पुढे मोडायची कटकट. पेडल्स निदान चुकीचं काही शिकवत नाहीत.

बोला.

खिडकीची_सीट:

बोलतो. अजिबात पटलं नाही.

तुम्ही विमान म्हणजे सेस्ना असं धरून चाललाय. मी घरी एअरबसचं ए३२० उडवतो, साध्या जॉयस्टिकवर. १९८८ पासून प्रवासी वाहणाऱ्या या विमानात योक नाहीच. साइडस्टिक आहे आणि तिच्यातही स्प्रिंगच आहे. हवेचा जोर तिच्यातून हाताला कळत नाही आणि नेहमीच्या उड्डाणात ट्रिम विमान स्वतःच करतं. तुमच्या त्या खोटारड्या स्प्रिंगवर रोज कितीतरी लोक सुखरूप घरी पोचतात, साहेब. कॅप्टन स्टिक डाव्या हाताने धरतो, हा एक फरक होता. आता मीही डाव्या हाताने धरतो. घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय.

बरं, बोइंग ७३७ मध्ये योक आहे. पण तिथे शेपटीचे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे) हायड्रॉलिक्सच्या जोरावर हलतात आणि हाताला जो भार लागतो तो एक वेगळं यंत्र तयार करून देतं. बनवलेलाच! मग आमच्या स्प्रिंगलाच काय म्हणून झोडपता?

मला विचाराल तर खरेपणा कामाच्या क्रमात आहे. थंड पडलेलं विमान बॅटरीपासून चालू करणं, मार्ग भरणं, चेकलिस्ट, व्हॅटसिमवर (सिमवाल्यांचं ऑनलाइन जाळं) कंट्रोलर झालेल्या जिवंत माणसाकडून क्लिअरन्स (परवानगी) घेऊन ती न चुकता परत म्हणून दाखवणं. याला हार्डवेअर काय लागतं? माउस आणि माइक.

इतिहासही हेच सांगतो. एडविन लिंकने १९२९ मध्ये आपला ट्रेनर बनवला तो वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातल्या भात्यांवर. आपल्या पेटीच्या भात्याचे चुलतभाऊ. १९३४ मध्ये अमेरिकेत विमानाने टपाल नेण्याचं काम लष्कराकडे आलं आणि ढगात, अंधारात वैमानिक मरायला लागले, तेव्हा लष्कराने असे ६ ट्रेनर घेतले. झाकण लावलं की बाहेरचं काही दिसत नसे. समोरची घड्याळं वाचायची आणि त्यांवर भरवसा ठेवायचा, हेच शिक्षण.

निवांत_गजा:

मी कीबोर्डवर उडवतो. पाय मोकळे राहतात, त्यावर मांजर बसतं. चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन आलोय.

मे_मधला_बंप:

फ्लाइंग स्कूलला जायच्या आधी ४ वर्षं घरी उडवत होतो, म्हणून दोघांच्याही मध्ये तोंड घालतो.

पहिल्या सॉर्टीला (उड्डाणाला) चेकलिस्ट येत होती, रेडिओ येत होता, कुठलं घड्याळ कुठे तेही पाठ. सर खूश. मग हवेत गेल्यावर त्यांनी खिशातून कागद काढले आणि अल्टिमीटर (उंचीचं घड्याळ) आणि स्पीडचं घड्याळ झाकून टाकलं. म्हणाले, "आता बाहेर बघ." मला बाहेर बघताच येईना! नाकाच्या वर क्षितिज किती दिसतंय त्यावरून विमान सांभाळायचं असतं आणि मी ४ वर्षं नुसत्या सुया सांभाळल्या होत्या. घरच्या सिमवाल्यांचा हा जुना रोग आहे, कुठल्याही इन्स्ट्रक्टरला विचारा. खिडकीची_सीट, हा रोग मला तुमच्या त्या क्रमानेच लावला.

फ्लेअरची, म्हणजे उतरताना शेवटी नाक उचलण्याची, तीच गत. चाकं टेकायच्या आधी उंची कळते ती डोळ्याच्या कोपऱ्यातून, धावपट्टी दोन्ही बाजूंनी वर येताना जाणवते त्यावरून. पडद्याला कोपऱ्यातलं काही दाखवताच येत नाही. आणि सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत) धावपट्टीचं टोक खांद्यामागे गेलं की वळायचं, त्यासाठी मान वळवून मागे बघावं लागतं. घरी मी त्यासाठी अंगठ्याने बटण दाबायचो. म्हणून माझं मत, सगळ्यात आधी हेड ट्रॅकिंग. त्यासाठीचं ओपनट्रॅक सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या वेबकॅमवरही चालतं. मान जराशी वळवली की पडद्यावरचं दृश्य भरपूर वळतं. व्हीआर चष्मा परवडत असेल तर उत्तमच, फक्त मग खरा स्विच चाचपून शोधायचा.

उजवा_पाय, पेडल्सचंही अर्धंच बरोबर. खऱ्या विमानात रडर चुकला की बूड बाजूला सरकतं, घसरण दाखवणाऱ्या घड्याळातल्या बॉलकडे बघायच्या आधीच ते कळतं. घरी खुर्ची ढिम्म. पाय दाबायचा हे मला माहीत होतं, किती दाबायचा ते नव्हतं.

बाकी विदर्भात मे महिन्याच्या दुपारी जे हेलकावे बसतात ते कुठल्याच डब्यात भरून मिळत नाहीत. आणि घरचं एक मिनिटही डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) सीपीएलच्या (व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या) २०० तासांत धरत नाही, हे नव्या पोरांनी ध्यानात ठेवा.

उजवा_पाय:

बूड सरकण्याचं मान्य. माझ्या वरच्या वाक्यात 'कमी चुकीचं शिकवतात' असं वाचावं.

पण खिडकीची_सीट, लिंकचं उदाहरण काढून तुम्ही माझंच काम केलंत. त्या डब्यातून बाहेरचं दिसत नव्हतं, बरोबर. पण आत स्टिक होती आणि पायाशी रडर पेडल्सही होती! खिडकी गाळली, पेडल्स नाही गाळली.

आणि ७३७ मधला जोर बनवलेला असला तरी तो वेगाप्रमाणे बदलतो, आपल्या स्प्रिंगचं घोडं तिथेच अडतं. फोर्स फीडबॅकवाला (मोटरने जोर बदलणारा) योक कुणी घेतला तर मी गप्प बसेन. फक्त त्या पैशात चांगली सेकंडहँड स्कूटर येते.

खिडकीची_सीट:

ए३२० हवेत वळताना रडर स्वतः सांभाळतो. पाय लागतात ते टेकऑफच्या धावेला, आडव्या वाऱ्यात उतरताना आणि इंजिन गेलं तर. तेवढ्यासाठी जॉयस्टिकचा ट्विस्ट (दांडा पिळला की रडर) आहे की. बाहेरून पेडल्स मागवा, वर ड्युटी भरा, आणि घरी तोंड दाखवा, एवढं धाडस माझ्यात नाही.

बुधवार_पेठ:

ट्विस्टवर फार विसंबू नका. माझ्या स्टिकचा (कंपनीचं नाव घेत नाही) दीड वर्षात नाचायला लागला. आत पॉट असतो (रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा), कार्बनच्या पट्टीवर घासणारा. मधली जागा सगळ्यात जास्त घासली जाते आणि मग हात न लावता रडर थरथरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पंधरा दिवस बरा, पुन्हा तेच. लोक डेड झोन (मध्याजवळची हालचाल न मोजण्याची जागा) वाढवून झाकतात, पण मग मध्यावरची बारीक हालचाल जाते आणि उतरताना नेमकी तीच लागते. नवी घ्यायची तर हॉल सेन्सरवाली घ्या, तिथे चुंबक सेन्सरला टेकतच नाही.

पेडल्स मी घरीच केली. १८ मिमी प्लाय, दाराच्या ४ बिजागऱ्या, मध्ये बेअरिंगवर फिरणारी आडवी पट्टी, म्हणजे एक पाय पुढे गेला की दुसरा मागे. पुण्याच्या तापकीर गल्लीतून आर्डुइनोचा लिओनार्डो (छोटा कंट्रोलर) बोर्ड आणला. युनो घेऊ नका, लिओनार्डो कॉम्प्युटरला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो. पहिल्या वेळी पॉट पट्टीच्या मध्यावर थेट बसवला आणि फसलो. पॉट फिरतो साधारण ३०० अंश, माझी पट्टी हलते ४०. बोर्डाच्या १०२४ पायऱ्यांपैकी वाट्याला आल्या जेमतेम १३६. रडर जिना उतरल्यासारखा चालायचा. मग ६ ला १ ची दातेरी चाकं घातली, आता ८०० च्या वर मिळतात.

एकच अडलंय. मध्यावर आणणाऱ्या दोन स्प्रिंगा फार कडक आहेत. पाय उचलला की पट्टी टण्णकन परत येते आणि विमान शेपूट हलवतं.

मे_मधला_बंप:

बेअरिंगखाली जाड नमद्याचा वॉशर घाला आणि बोल्ट थोडा आवळा. परत येणं मंदावेल. ग्रीस नको.

निवांत_गजा:

मांजर उठलं. पेडल्सचा आवाज किती येतो?

खिडकीची_सीट:

बुधवार_पेठ, प्लायची मापं टाकता का? मला नको, पुतण्या मागे लागलाय.

बुधवार_पेठ:

टाकतो. पुतण्याच्या बुटाचा नंबर सांगा.

खिडकीची_सीट:

९.