मदत हवी आहे: ३६० अंशात फिरणारा लॅपटॉप घ्यावा का?

नमस्कार मंडळी, अकरावी-बारावीच्या गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. स्क्रीनवरच पेनने गणितं सोडवून दाखवायची असतात, म्हणून स्क्रीन पूर्ण मागे वळवली की टॅबलेटसारखे वापरता येणारे एचपी स्पेक्टर एक्स३६० (१४ इंची) आणि लेनोवो योगा ९आय या दोघांवर नजर आहे. बजेट दीड लाखाच्या आसपास, म्हणजे चुकून चालणार नाही!

ओलेड स्क्रीन (जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) दुकानात पाहिली, डोळे निवले. पण माझा स्क्रीनवरचा फळा तासन्‌तास एकाच जागी उघडा असतो; टूलबारचा कायमचा डाग उमटतो का? रॅम बोर्डवरच पक्की असते, नंतर वाढवता येत नाही. मग १६ जीबी पुरेल, की आत्ताच ३२ घेऊ? योगाच्या बिजागरीतच स्पीकर आहे, आवाज छान वाटला. खरी धास्ती मात्र बिजागरीचीच आहे. आधीच्या लॅपटॉपची (कंपनीचं नाव नको) दोन वर्षांत खिळखिळी झाली होती.

शिवाय जवळपास दीड किलोचा टॅबलेट हातात धरून कोण लिहिणार? टेबलावरच ठेवावा लागेल. मग साधा लॅपटॉप आणि वेगळा पेन टॅबलेट (लॅपटॉपला जोडून पेनने लिहायची पाटी) स्वस्तात पडेल, असं भाऊ म्हणतो. कुणी दोन-तीन वर्षं रोज वापरलाय का?