दोन वर्षांची केशर (कॉर्न स्नेक) गाभण आहे, आम्हाला कल्पनाच नव्हती. काय करू?

केशरची_आई · २५ एप्रिल, रात्री ११.४०

नमस्कार. मी मूळची कराडची, गेली नऊ वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. आमच्या घरी एक कॉर्न स्नेक (घरात पाळतात तो बिनविषारी साप) आहे, नाव केशर. मुलीच्या हट्टापायी आणली तेव्हा जेमतेम पेन्सिलीएवढी होती. पहिले दोन महिने मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. आता तिचं पाणी बदलणं, वजन करणं, गोठवलेला उंदीर वितळवून देणं सगळं माझ्याकडेच आहे आणि जीव तिच्यात पुरता गुंतलाय. दोन रात्री झोप नाही, म्हणून लिहितेय.

मार्चमध्ये मुलीच्या मैत्रिणीकडचे तीन आठवडे भारतात गेले आणि त्यांचा कॉर्न स्नेक आमच्याकडे ठेवून गेले. दोन्ही साप एकाच दुकानातले. दोन्ही माद्या आहेत असं दुकानदाराने सांगितलं होतं, पावतीवरही तसंच लिहिलंय. त्यांच्या टाकीचा थर्मोस्टॅट बिघडला होता आणि बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून मी दोघींना केशरच्याच व्हिव्हेरियममध्ये (सापाच्या काचेच्या टाकीत) ठेवलं. एका सकाळी दोघींच्या शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या. मला वाटलं उबेला बसल्यात. आज ते आठवलं की पोटात कालवतं.

आता केशरची लक्षणं. वय दोन वर्षं एक महिना, लांबी ९५ सेंटीमीटर. ५ मार्चला वजन २३८ ग्रॅम होतं, आज २६८ आहे. १० एप्रिलनंतर तिने उंदराला तोंड लावलेलं नाही. शरीराचा मागचा तिसरा भाग फुगलाय. ती काचेवर चढते तेव्हा पोटाकडून बघितलं तर एकामागून एक उंचवटे दिसतात, शेंगेत दाणे भरावेत तसे. २२ तारखेला तिने कात टाकली, अखंड एका तुकड्यात. तेव्हापासून रात्रभर टाकीच्या कोपऱ्याकोपऱ्यात नाक खुपसत फिरतेय.

मी असं वाचलंय की मादी तीन वर्षांची, तीन फुटांची आणि ३०० ग्रॅमची होईपर्यंत तिला नराजवळ जाऊ देऊ नये. केशर लांबीत बसते, पण वयात नाही आणि वजनातही नाही. ती यातून वाचेल का? मी आत्ता काय करू आणि काय करू नको? अंड्यांचा विचार नंतर. आईला कराडला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "पहिलटकरीण आहे, जप तिला." सापाला हात न लावलेली बाई, पण तिला लगेच कळलं.

---

स्टुटगार्टकर · २६ एप्रिल, सकाळी ६.१५

ताई, आधी एक दीर्घ श्वास घ्या. मी बारा वर्षं कॉर्न पाळतोय. अशी अचानक गाभण राहिलेली मादी माझ्याकडेही एक होती आणि ती आजही ठणठणीत आहे.

तुम्ही लिहिलेली कात ही बहुधा अंडी घालण्याआधीची कात. ती टाकल्यावर साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत अंडी येतात. म्हणजे २९ एप्रिल ते ६ मे. कोपऱ्यात नाक खुपसणं म्हणजे ती जागा शोधतेय. मनासारखी जागा मिळाली नाही तर मादी अंडी धरून ठेवते आणि तिथून खरा त्रास सुरू होतो. म्हणून आजच्या आज तिला अंड्यांची पेटी करून द्या.

बुटाच्या खोक्याएवढा झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, पारदर्शक नको, आत अंधार हवा. झाकणाला तिच्या फुगलेल्या पोटाच्या दीडपट भोक पाडा आणि कडा काचपेपरने घासा. ही घासायची पायरी टाळू नका, या दिवसांत तिची कातडी ताणलेली असते. आत स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) भिजवून, मुठीत घट्ट पिळून भरा, अर्ध्याच्या वर. पिळल्यावर थेंब पडता कामा नये, पण हाताला गार ओलावा लागला पाहिजे. डबा टाकीच्या मध्याकडे ठेवा, थेट हीट मॅटवर (ऊब देणाऱ्या विजेच्या चटईवर) नको, मॉस वाळतं. उबदार बाजू २८ ते ३० अंश, थंड बाजू २३-२४. पाण्याचं भांडं मोठं ठेवा.

उंदीर आता देऊ नका. ती खाणार नाही आणि पोटात जागाही नाही. हाताळणं पूर्ण बंद. वजन करायचंच असेल तर ती पेटीत असताना पेटीसकट उचला आणि रिकाम्या पेटीचं वजन वजा करा.

आणि तो दुसरा साप "मादी" नाही. पिल्लं लहान असताना दुकानात नर-मादी ओळखण्यात सर्रास चूक होते. नराची शेपटी लांब असते आणि गुदद्वाराच्या पुढे काही अंतर जाड राहून मग निमुळती होते. मादीची तिथून लगेच बारीक होते. त्या मैत्रिणीच्या घरी कळवा, त्यांनी पुढे कुणाच्या मादीसोबत ठेवू नये. खरं तर कॉर्न एकटाच राहणारा साप, त्याला सोबत लागतच नाही.

---

सरपटणाऱ्यांची_डॉक्टर · २६ एप्रिल, दुपारी १.०५

मी पुण्यात शिकले, सध्या इंग्लंडमध्येच सरपटणारे प्राणी बघते. वरचा सल्ला योग्य आहे. मी फक्त धोक्याचं सांगते.

तुमची काळजी अनाठायी नाही. लहान वयाच्या, लहान अंगाच्या मादीत अंडी अडकण्याची शक्यता जास्त. शरीरात पाणी कमी, टाकी थंड, जागा पसंत नाही, स्नायूंत ताकद नाही किंवा एखादं अंडं वेडंवाकडं मोठं, यांतलं काहीही कारण पुरतं. घाबरून रोज पोट चाचपू नका. दाबलं तर अंडं आत फुटू शकतं.

आज उद्याच सरपटणारे प्राणी बघणाऱ्या दवाखान्यात फोन करून ठेवा. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना सापाचा अनुभव नसतो आणि अडचण रविवारी रात्रीच येते. पुढचं काही दिसलं तर वाट बघू नका: अंडी घालायला सुरुवात करून मध्येच थांबली आणि २४ तासांत पुढे काही नाही, जोर लावतेय पण बाहेर काही येत नाही, मागून लाल मांस बाहेर आलं, घाण वासाचा स्राव, किंवा ती लुळी पडून जीभही काढत नाही. अल्ट्रासाउंडमध्ये अंडी दिसतात. कासवांमध्ये ऑक्सिटोसिन (कळा आणणारं इंजेक्शन) छान काम करतं, सापांमध्ये त्याचा तेवढा भरवसा नाही आणि उशीर झाला तर मुळीच नाही. मग सुईने अंड्यातला द्रव काढून ते आकसवणं किंवा शस्त्रक्रिया, एवढंच उरतं. म्हणून वेळ महत्त्वाची.

कात टाकून १५ दिवस उलटले आणि एकही अंडं नाही, तर ती निवांत दिसत असली तरी घेऊन या. ७ मे ही तारीख कॅलेंडरवर लिहा.

---

सर्पमित्र_कोल्हापूर · २६ एप्रिल, रात्री ९.३०

ताई, कॉर्न स्नेक मी कधी हातात घेतलेला नाही. आपल्याकडे देशी साप पाळता येत नाहीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. पण तुमच्या केशरचा एक भाऊबंद आपल्याकडे आहे, तस्कर. जुन्या पुस्तकांत दोघांच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द एकच सापडेल, एलाफी. एकदा घरातून पकडलेल्या तस्कराने सोडायला नेण्याआधीच माझ्या बरणीत सहा अंडी घातली. वनखात्याला कळवून ती ओल्या मातीत ठेवली होती.

तेव्हा मी केलेली चूक सांगतो. आमच्या घरी कोंबड्या आहेत. खुडूक कोंबडी अंडी फिरवते, म्हणून मीही दोन दिवसांनी त्यातली तीन अंडी उलटी केली. ती तिन्ही सडली, न हलवलेली तिन्ही फुटून पिल्लं निघाली. सापाच्या अंड्यात गर्भ एका बाजूला चिकटतो. अंडं ज्या बाजूवर पडलंय तसंच राहू द्या. उचलण्याआधी वरच्या बाजूला शिसपेन्सिलीने हलकी खूण करा.

आणि केशर अंड्यांना वेटोळं घालून बसली तर घाबरू नका. नागीणही अंड्यांजवळ थांबते. पण कॉर्न फार काळ थांबत नाही, अंडी काढली तरी ती शोधत बसत नाही. तुम्हाला तिच्यापासून लेकरं तोडल्यासारखं वाटेल, तसं मनाला लावून घेऊ नका.

---

केशरची_आई · ४ मे, पहाटे ५.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. अंडी झाली. केशर सुखरूप आहे. हे आधी लिहिते आणि मग बाकीचं.

पेटी २६ लाच केली. पहिल्या रात्री तिने नुसती जीभ लावून बघितली. दुसऱ्या रात्री आत गेली ती गेलीच. रोज रात्री मी टॉर्चवर लाल जिलेटिन लावून भोकातून एकदाच बघायचे. मॉस तिने नाकाने बाजूला सारून बरोबर तळाशी वाटीसारखा खड्डा केला होता.

काल संध्याकाळी सातला पहिलं अंडं दिसलं. कोंबडीच्या अंड्यासारखं टणक असेल असं माझ्या डोक्यात होतं. तसं नाही. पांढरंशुभ्र, लांबट, ओलसर, आणि कवच मऊ, चामड्यासारखं. ती अंडं ढकलत होती तेव्हा शरीराच्या शेवटच्या वीतभर भागात लाट उठायची, थांबायची, परत उठायची. मध्ये तोंड मॉसवर टेकवून पडून राहायची. नऊच्या सुमारास पाच झाली आणि मग पाऊण तास काहीच नाही. माझा फोन हातात, दवाखान्याचा नंबर उघडा. मग सहावं आलं. रात्री १२.५० ला अकरावं. एकूण अकरा. त्यातली दोन पिवळट, छोटी, मेणासारखी, ती वांझ असावीत. मुलगी जागी होती, आज शाळेला सुट्टीच आहे.

केशर पेटीतून स्वतः बाहेर आली आणि सरळ पाण्याच्या भांड्यात जाऊन इतका वेळ पाणी प्याली की मला जबड्याखालची हालचाल मोजता आली. वजन १८१ ग्रॅम. मागच्या भागाची कातडी सैल पडून घड्या पडल्यात, पाठीचा कणा वर आलाय. बघवत नाही.

अंड्यांचं आम्ही ठरवून ठेवलं होतं. नऊ पिल्लं म्हणजे नऊ वेगळे डबे, न खाणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागणं, आणि पुढे पंधरा-वीस वर्षांची नऊ चांगली घरं. इथे कॉर्न इतके झालेत की सोडून दिलेले साप सांभाळणाऱ्यांकडे जागा नसते. खात्रीची घरं आमच्याकडे चारच आहेत, एक आमचं धरून. पाच अंडी एकमेकांना चिकटून गठ्ठा झाला होता, चार सुटी होती. सुटी ठेवली. गठ्ठा त्याच रात्री फ्रीझरमध्ये ठेवला, आत काही वाढायच्या आधी. मुलगी रडली, मीही. पण तिनेच डब्यावर झाकण लावलं.

चार अंडी व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणाऱ्या खनिजाच्या हलक्या दाण्यांत) आहेत, वजनाला जेवढं व्हर्मिक्युलाइट तेवढंच पाणी. पेन्सिलीची खूण वर. थर्मोस्टॅट २८ वर. केशरला आता काय देऊ? नेहमीचा उंदीर देऊ का?

---

स्टुटगार्टकर · ४ मे, सकाळी ७.०५

खूप छान सांभाळलंत. मोठा उंदीर अजिबात नको, उलटी करेल. दोन-तीन दिवसांनी एक छोटी पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं पिल्लू) द्या, पचली की पाच दिवसांनी दोन, मग हळूहळू आकार वाढवा. थोडं थोडं, पण लवकर लवकर. जुनं मॉस आणि पेटी काढून टाकी धुवून काढा. अंड्यांचा वास राहिला तर काही माद्या खात नाहीत.

एक गोष्ट विसरू नका. नर आता जवळ नसला तरी तिच्या शरीरात शुक्राणू टिकून असू शकतात, आणि काही माद्या दीड-दोन महिन्यांनी पुन्हा अंडी घालतात. जूनच्या मध्यापासून तिचं पोट बघत जा आणि पेटी हाताशी ठेवा.

---

सरपटणाऱ्यांची_डॉक्टर · ४ मे, सकाळी ९.४५

आत एखादं अंडं राहिलंय का हे एकदा तपासून घ्या, या आठवड्यात. बाहेरून सगळं नीट दिसलं तरी. कॅल्शियमची पूड पिंकीवर चिमूटभर चालेल, जास्त नको.

---

केशरची_आई · २१ मे, रात्री १०.१०

दवाखान्यात अल्ट्रासाउंड झाला, आत काही नाही. ७ तारखेला दिलेली पहिली पिंकी तिने चिमट्यातून घेतलीच नाही, तशीच ठेवून दिवा मालवला तेव्हा सकाळपर्यंत गायब. १२ ला दोन खाल्ल्या, १७ ला दोन फझी (लव फुटलेली, थोडी मोठी उंदराची पिल्लं). आज वजन १९८.

चारपैकी एका अंड्याला हिरवी बुरशी आली, ते काढलं. बाकी तिघांवर काल अंधारात टॉर्च धरला. आत गुलाबी उजेडात लाल शिरांचं जाळं दिसलं, कोळ्याच्या जाळ्याएवढं बारीक. साठ दिवस धरले तर २ जुलै येते. पिल्लं अंडं चिरून डोकं बाहेर काढतात आणि दिवसभर तशीच बसतात, तेव्हा मी मदत म्हणून कात्री घेऊ नये, हे मुलीने कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलंय.

केशर आत्ता उबदार बाजूच्या लाकडाखाली आहे, फक्त नाक बाहेर.