मदत हवी आहे: क्यूटेस्टमध्ये माझी टेस्ट यादीतच येत नाही

नमस्कार मंडळी. क्यूएमूसाठी (पूर्ण संगणकाची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणारा प्रोग्रॅम) एक छोटं आभासी पीसीआय डिव्हाइस (संगणकाला जोडायचं कार्ड) लिहिलंय: दोन रजिस्टर, एक टायमर, एक इंटरप्ट (प्रोसेसरला लक्ष वेधणारा इशारा). हाताने चालवलं की व्यवस्थित चालतं. आता क्यूटेस्ट, म्हणजे क्यूएमूची डिव्हाइसं तपासायची चौकट, वापरून टेस्ट लावतोय आणि तिथेच घोडं अडलंय.

आधी टायमरनेच रडवलं. रजिस्टरमध्ये वेळ लिहून इंटरप्टची वाट बघत बसलो, तो काही येईना. मग कळलं, क्यूटेस्टमधलं व्हर्च्युअल घड्याळ आपणहून सरकत नाही, क्लॉक-स्टेप ही आज्ञा देऊन ढकलावं लागतं. अर्धा दिवस गेला!

आता खरी अडचण. टेस्ट क्यूग्राफमध्ये (मशीन, ड्रायव्हर आणि टेस्ट यांना नोड म्हणून जोडणारा आलेख) नोंदवली, मेसनच्या (बिल्ड करणारं साधन) फाइलीत नाव टाकलं, बिल्ड बिनतक्रार होतो. पण क्यूओएस-टेस्ट (आलेखातल्या सगळ्या टेस्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालवली की सगळं हिरवं आणि माझी टेस्ट गायब. आलेखात मशीनपासून टेस्टपर्यंत वाट नसेल तर ती गुपचूप गाळली जाते, एवढं माहीत आहे. व्हर्बोज (सविस्तर माहिती छापणारा पर्याय) लावलं, तर ड्रायव्हरचा नोड दिसतो, पण त्याच्यापुढे 'अव्हेलेबल'चा शिक्का नाही. नोडचं नाव डिव्हाइसच्या टाइपनेमशी (क्यूएमूतलं त्याचं नोंदणीचं नाव) अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं, जुळतंय. के-कॉन्फिगमध्येही (बिल्डमध्ये काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या सेटिंग) डिव्हाइस चालू आहे.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून क्यूएमूची जुनीच बायनरी (तयार झालेली प्रोग्रॅम-फाइल) उचलली जात असेल का? आणि कोणत्या बायनरीत कोणती डिव्हाइसं आहेत, हे टेस्टच्या नजरेतून कसं बघता?