मदत हवी आहे : घडीच्या इन्व्हर्जन टेबलाच्या सांध्यात ५५ अंशांवर ‘टक्’ असा धक्का का बसतो?

नमस्कार. घोटे अडकवून डोके खाली झुकवत शरीराच्याच वजनाने कण्याला ताण देणारे, म्हणजे ट्रॅक्शनचे, घडी होणारे टेबल मी स्वतः बनवत आहे आणि त्यातील एका सांध्यापाशी अडलो आहे. माझ्या कमरेच्या एल-४ व एल-५ या मणक्यांमधील चकती थोडी बाहेर आलेली आहे. रक्तदाब आणि डोळ्यांतील दाब तपासून घेतल्यानंतरच डॉक्टरांनी मला उलटे टांगण्याच्या व्यायामाची मर्यादित परवानगी दिली. ट्रॅक्शनने पाठदुखीत फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष २०१३च्या कॉक्रेन समीक्षेने (अनेक वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित आढाव्याने) काढला आहे, याची मला कल्पना आहे. मला स्वतःला काही काळापुरता आराम पडतो, एवढ्यावरच मी समाधानी आहे, त्यामुळे प्रश्न उपचाराचा नसून यंत्राचा आहे असे समजून वाचावे.

बाजारातील बहुतेक टेबलांचे पाय मिटतात, पण पाठीची फळी आणि घोट्यांकडचा दांडा मिळून जी लांबी होते ती तशीच राहते. परिणामी घडी घातलेले टेबल भिंतीला टेकवून ठेवावे लागते आणि येता-जाता कोणाच्या तरी पायावर पडते. मला ते पलंगाखाली सरकेल इतके आखूड करायचे असल्यामुळे लांब नळ्यांनाच मधे सांधा देणे भाग पडले. ३८ मिमी बाहेरील व्यास आणि २ मिमी जाडी असलेल्या पोलादी नळ्यांची एक जोडी घेतली आहे. १०० किलोच्या माणसासाठी, धुरीपासून (टेबल ज्या आसाभोवती फिरते तिथून) डोक्याकडे साधारण ६० किलो वजन ३० सेंमी अंतरावर आहे असे धरले, तर टेबल आडवे असताना धुरीपाशी सुमारे १७७ न्यूटन-मीटर बेंडिंग मोमेंट, म्हणजे बल गुणिले अंतर असा वाकवणारा जोर, येतो. हिसक्यासाठी तो दुप्पट केला तरी प्रत्येक नळीच्या धातूत ९१ मेगापास्कलच्या (ताणाचे एकक) आसपास ताण येतो, आणि साध्या पोलादाची सहनमर्यादा २५० मेगापास्कल धरली तर ते पुरेसे आहे. एकाच मधल्या नळीवर काम भागवायचा मोह मला आधी झाला होता, पण तिथे हाच आकडा १८२ वर जातो, आणि ज्याच्या खाली स्वतःचे डोके असणार आहे त्या वस्तूत इतकी काटकसर मला पटली नाही.

सांधा मी धुरीपासून १० सेंमीवर, पायांच्या बाजूला दिला. त्या बाजूला उंचीनुसार सरकणारी नळी असतेच, म्हणून तिथे आणखी एक जोड खपून जाईल असा विचार होता. खाली बिजागरी आणि तिच्या वर ४० मिमीवर ८ मिमीची आरपार पिन, अशी रचना आहे. पिन आणि छिद्र यांत सुमारे ०.३ मिमी ढिलेपणा आहे.

माणूस चढवण्याआधी वाळूची पोती पट्ट्यांनी घोट्यांच्या क्लॅम्पला बांधून १०० किलोचा भार दिला आणि टेबल हळूहळू फिरवले. आडव्यापासून ५० अंशांपर्यंत सगळे शांत होते. ५५ ते ५८च्या दरम्यान सांध्यातून स्पष्ट ‘टक्’ असा आवाज आला आणि घोट्यांकडचे टोक पाच-सहा मिमी उडाले. परत येताना त्याच सुमारास पुन्हा तसेच घडले. वजन तर सर्व वेळ फळीवर खालीच दाबते आहे, मग सांधा मधेच दिशा का बदलतो, हे मला समजलेले नाही. वेल्ड तपासले, त्यांत तडा नाही.

मला ६० अंशांपर्यंत जायचे आहे, कारण कमी कोनात पाठीचे फळीशी होणारे घर्षणच बराचसा ताण खाऊन टाकते. माझे वजन ८० किलो आहे. त्यातील कमरेच्या वरचे ४० किलो आणि घर्षणांक ०.३ धरला, तर कमरेला मिळणारी ओढ ३० अंशांवर जेमतेम साडेनऊ किलो, ४५ अंशांवर वीसच्या आसपास आणि ६० अंशांवर साडेअठ्ठावीस किलो भरते. तेव्हा हा धक्का नेमका कशामुळे बसतो, आणि तो पिन बदलून जाईल की सांध्याची जागाच बदलावी लागेल, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमच्या पोत्यांनी तुम्हाला वेळेवर सावध केले म्हणायचे. वजन सर्व वेळ खाली दाबते हे खरे आहे, पण तुमच्या सांध्यावर केवळ तेवढेच बल येत नाही. घोट्यांचा क्लॅम्प नळीच्या मध्यरेषेपासून किती वर आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही. मी १० सेंमी धरतो. माणूस डोक्याकडे घसरू पाहतो आणि क्लॅम्प त्याला अडवतो, म्हणजेच क्लॅम्पवर डोक्याच्या दिशेने ओढ येते. ती ओढ नळीच्या वर असल्यामुळे पायांकडच्या भागाचे टोक वर उचलण्याचा प्रयत्न करते. पायांचे वजन मात्र तेच टोक खाली वाकवते. ही दोन्ही बले परस्परविरुद्ध आहेत.

आता आकडे पाहा. पायांकडचे ४० किलो सांध्यापासून ३५ सेंमीवर धरले तर वजनाचा मोमेंट १३७ न्यूटन-मीटर, आणि कोन वाढेल तसा तो कोसाइनच्या प्रमाणात घटतो. क्लॅम्पच्या ओढीचा मोमेंट जास्तीत जास्त ९८ न्यूटन-मीटर, आणि तो साइनच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही समान होतात तो कोन सुमारे ५४.५ अंश. डोक्याकडच्या भागाचे घर्षण हिशेबात घेतले की तो तीनेक अंश पुढे सरकतो. त्या कोनावर सांध्यावरील भाराची दिशा उलटते, पिन छिद्राच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते, आणि ४० मिमी उंचीवरचा ०.३ मिमी ढिलेपणा ७५ सेंमी लांबीवर साडेपाच मिमी होऊन दिसतो.

घट्ट पिन बसवली तर आवाज आज जाईल आणि छिद्र झिजले की परत येईल. माझ्या मते सांधा धुरीच्या डोक्याकडच्या बाजूला न्यावा. तिथे क्लॅम्प नाही आणि घर्षणाची ओढसुद्धा वजनाच्याच दिशेने वाकवते, त्यामुळे भार कोणत्याही कोनात उलटत नाही आणि थोडाफार ढिलेपणा एकाच बाजूला दाबलेला राहतो. तरीही टॉगल क्लॅम्पने (तरफ दाबून आवळणाऱ्या पकडीने) सांधा आवळून घ्यावा आणि पिन सुटली तरी घडी मिटू नये म्हणून दुसरा स्वतंत्र अटकाव ठेवावा. एकाच पिनवर विश्वास ठेवू नये.

प्रतिसाद २

यंत्राबद्दल वर योग्य तेच सांगितले आहे. मी फिजिओथेरपीच्या बाजूने एक प्रश्न विचारतो : ६० अंश हवेतच कशाला? तुम्हाला कोन नको आहे, ओढ हवी आहे, आणि ती घर्षण खाते हे तुम्हीच मोजले आहे. आडव्या ट्रॅक्शनच्या खाटांचा पृष्ठभाग याच कारणासाठी दोन तुकड्यांत करून एक तुकडा सरकता ठेवतात. तुमच्या पाठीची फळी चाकांवर सरकती केली, तर ४० किलोची ४५ अंशांवरील ओढ २८ किलोच्या वर जाते, म्हणजे स्थिर फळीवर ६० अंशांना मिळते जवळपास तेवढीच. डोके जितके खाली, तितका डोळ्यांतील दाब आणि डोक्याकडचा रक्ताचा ओघ जास्त, त्यामुळे हे १५ अंश वाचवणे मोलाचे आहे. काचबिंदू, अनियंत्रित रक्तदाब किंवा नेत्रपटलाचा आजार असलेल्या घरातील इतर कोणाला हे टेबल वापरू देऊ नका.

फक्त सरकती फळी आडव्या स्थितीत कुलूपबंद राहील आणि हळूच सुटेल अशी सोय करा. अचानक सुटलेली फळी कमरेला नेमका तोच हिसका देते जो टाळायचा आहे. शिडीला उलटे बांधून रुग्णाला आदळण्याची प्राचीन रीत खुद्द हिपोक्रेटिसलाही लोकांना चकित करण्याचा देखावाच वाटत असे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. क्लॅम्पची उंची मोजली, ती साडेनऊ सेंमी भरली. खात्रीसाठी क्लॅम्प आणखी ५ सेंमी वर उचलून पोती पुन्हा बांधली, तेव्हा धक्का ४५च्या आसपासच बसला, म्हणजे कारण तेच आहे. आता सांधा डोक्याकडे, धुरीपासून १० सेंमीवर घेत आहे, आणि पट्ट्याची लांबी अशी ठेवत आहे की टेबल ४५ अंशांपलीकडे जाणारच नाही. सरकत्या फळीसाठी नळीवर फिरणारी नायलॉनची खाचेची चाके पुरतील, की बेअरिंगची चाके घ्यावीत, एवढे कोणी सांगितले तर पुढच्या कामाला लागतो.