मधल्या सुट्टीचं खाणं : गोव्यातल्या पालकांचा अनुभव धागा

शाळेतला आहार पुरतो का, डब्यात पाव चालेल का, बिस्किटं द्यावीत का, यावर घरोघरी वेगळी मतं आहेत. मतासोबत माप लिहा, आणि बिघडतं कुठे तेही लिहा.

फोंडा, आहार शिजवणाऱ्या गटाकडून
पालकांचा राग शाळेच्या पाव-भाजीतल्या पावावर असतो, पण बघायला हवी ती भाजी. पीएम पोषण या शालेय आहाराच्या सरकारी योजनेच्या मापात प्राथमिकच्या एका मुलाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिनं. म्हणजे 100 मुलांमागे 2 किलो सुके वाटाणे किंवा चवळी. बटाटा कुस्करून रस्सा दाट केला की टोप भरलेला दिसतो, पण 12 पैकी जवळजवळ 5 ग्रॅम प्रथिनं त्या कडधान्याचीच असतात. वाटाणे आठ तास भिजवा. लवकर शिजावेत म्हणून सोडा घालू नका, त्याने ब-1 जीवनसत्त्व जातं.

म्हापसा
साडेसहाला भरलेला डबा दहानंतर उघडतो. आपल्या दमट हवेत ओल्या खोबऱ्याची भाजी तेवढ्यात आंबते, मुलं ती परत आणतात आणि घरात वाद होतो की पोर भाजी खात नाही. वरून ओलं खोबरं पेरू नका. सुकं खोबरं वापरा किंवा वाटप चांगलं परतून घ्या. भाजी ताटात पसरून पंधरा मिनिटं निवू द्या. गरम असतानाच झाकण लावलं तर वाफेचं पाणी होऊन खाली साठतं. पावापेक्षा पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, बरी, पण आत सुकीच भाजी भरा.

डिचोली
नाचणीची भाकरी डब्यात वातड होते, कारण पीठ लवचिक ठेवणारं ग्लुटेन नाचणीत नाही. एक वाटी नाचणी, तीन वाट्या गव्हाचं पीठ, कोमट पाणी, चमचाभर तेल. चपाती दुपारपर्यंत मऊ राहते.

मडगाव
बिस्किटं अधूनमधून द्यायला हरकत नाही म्हणणाऱ्यांनी पुडा उलटून वाचावा. 100 ग्रॅममध्ये 24 ग्रॅम साखर म्हणजे सहा चमचे. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. घरच्या डब्याला तो नियम लागू नाही, तिथे आपणच बघायचं.

काणकोण
मडगावच्या ताईंचं पटतं, तरी पूर्ण बंदी टिकत नाही. मूल शेजारच्या डब्यातून खातं. आठवड्यातला एक दिवस ठरवून द्या. अंड्यावरून वाद असेल तर ते वेगळ्या डबीत द्या. बारा मिनिटं उकडून लगेच गार पाण्यात टाका. जास्त उकडलं की बलकाभोवती हिरवट कडा येते, वास सुटतो आणि मुलं नाक मुरडतात. शेंगदाण्याचा लाडू देण्याआधी वर्गात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, ते बाईंना विचारा.