मदत हवी आहे: नवीन एसएसडी लावल्यापासून डेबियन सुरूच होत नाही (तातडीचे)

वाचनालय_कट्टा
आमच्या वाचनालयाच्या पीसीत काल नवीन एसएसडी बसवली. तेव्हापासून डेबियन (लिनक्स) सुरू होत नाही. काळ्या पडद्यावर दीड मिनिट काहीतरी मोजत बसतं आणि मग इमर्जन्सी मोड म्हणून अडतं. एंटर दाबलं की पुन्हा तेच. बाकी कशालाही हात लावलेला नाही. वाचनालयाचं सॉफ्टवेअर कोहा त्याच मशीनवर आहे आणि सोमवारी अनुदानाची तपासणी आहे. लवकर सांगा. विंडोज टाका असं कृपया कोणी सांगू नका.

खटपट्या
रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने हलकी घासा, परत खटकन बसेपर्यंत दाबा. आमच्या ऑफिसातले निम्मे पीसी मी असेच जिवंत केलेत.

तात्या_टर्मिनल
रॅमचा काय संबंध? इमर्जन्सी मोडपर्यंत पोचतंय म्हणजे बायोस, ग्रब (सुरुवातीचा मेन्यू), कर्नल सगळं धड आहे. गाडी सिस्टिमडीपाशी, म्हणजे बाकी सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमपाशी अडलीय.
धागाकर्ते, डेबियन कुठलं? एसएसडीची जोडणी सॅटा की एनव्हीएमई? जुन्यावरून क्लोन केलंत का? पडद्यावर नेमकी अक्षरं काय आहेत? "काहीतरी मोजत बसतं" यावरून आम्ही काय ओळखायचं?

वाचनालय_कट्टा
डेबियन १२. क्लोन वगैरे काही नाही, नुसती लावली. ५०० जीबी. जुनी आहे तिथेच आहे. शेवटी "रूट अकाउंट इज लॉक्ड" येतं. पासवर्ड मला माहीत आहे, पण तो विचारतच नाही!

डोंगरवाट
फॉरमॅट मारून उबंटू २४.०४ टाका. वीस मिनिटांचं काम. कशाला डोकं फोडायचं?

बाभूळवन
डोंगरवाट, अहो त्यावर कोहाचा डेटाबेस आहे! वाचनालयाची सगळी पुस्तकं, सभासद, देवघेव त्यात असते. फॉरमॅट मारा म्हणे.
कट्टा, त्यांचं काहीही ऐकू नका. रूट (मुख्य अ‍ॅडमिन खातं) लॉक्डचं कारण साधं आहे. डेबियन टाकताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की ते खातं बंदच राहतं आणि पहिल्या युजरला सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क) मिळतो. एरवी उत्तम, पण इमर्जन्सी मोडला रूटच लागतो, म्हणून दार उघडत नाही. तुमचा पासवर्ड तिथे उपयोगाचा नाही. आर्च लिनक्समध्ये असले प्रकार

बाभूळवन
(अर्धवट पोस्ट झालं) असले प्रकार होत नाहीत, कारण सगळं आपण स्वतः केलेलं असतं.

तात्या_टर्मिनल
आला आर्चवाला. गावातल्या वाचनालयात दर आठवड्याला अपडेट सांभाळायला तुम्ही जाणार का? सर्व्हरला डेबियनच हवं.

बाभूळवन
मी फक्त माहिती दिली.

शाईपेन
धागा पळवत नाही, पण कोहात मराठी नोंदी नीट होतात का? आमच्या शाळेत अजून दाखलखारिज रजिस्टरच आहे.

तात्या_टर्मिनल
होतात, युनिकोड आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलेलं, २००० पासून वापरात आहे. वेगळा धागा काढा, लिहितो.
कट्टा, बायोसमध्ये जाऊन बघा, डिस्क किती दिसतात?

वाचनालय_कट्टा
दोन दिसतात. २४० जीबीची जुनी एसएसडी आणि ५०० ची नवीन. म्हणजे तिकडे सगळं बरोबर आहे. पुढे सांगा.

खटपट्या
सीमॉसचा सेल पण काढून बघा पाच मिनिटं.

तात्या_टर्मिनल
सेल अजिबात काढू नका. बायोसमधली सेटिंग्ज उडाली तर आणखी एक भानगड.

निवांत_नाना
मीही एका वाचनालयाचं काम बघतो. कट्टा, तुमच्या कोहाचा बॅकअप कुठे पडतो?

वाचनालय_कट्टा
तो मोठ्या हार्ड डिस्कवर. २ टीबीची आहे. जुन्या दुर्मिळ पुस्तकांचे स्कॅनही तिच्यावरच. ती भरत आली म्हणून तर नवीन एसएसडी आणली.

निवांत_नाना
मग डिस्क तीन झाल्या ना? बायोसला दोनच दिसतात!

वाचनालय_कट्टा
पण मी हार्ड डिस्क काढलेलीच नाही. केबल आत घट्ट आहे, आत्ता परत बघितलं. फिरल्याचा आवाजही येतो.

निवांत_नाना
वीज मिळतेय म्हणून फिरते. नवीन एसएसडी मदरबोर्डवर आडवी, स्क्रूने बसवायची पट्टी आहे ना? तिच्या सोनेरी टोकाला खाचा किती? दोन असतील तर बहुतेक सॅटावाली. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एखादा सॅटा पोर्ट एकाच लाइनवर असतात. स्लॉटमध्ये सॅटाची पट्टी बसली की तो पोर्ट गप्प बंद होतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात टीप असते.

वाचनालय_कट्टा
दोन खाचा आहेत. पुस्तिका सापडली. एम.२ मध्ये सॅटा असेल तर सॅटा २ बंद, असं लिहिलंय. हार्ड डिस्क २ वरच आहे. हे दुकानदाराने सांगायला नको होतं का?

तात्या_टर्मिनल
जमलं. डिस्क नाही, पण एफएसटॅब फाइलमध्ये (कुठली डिस्क कुठे लावायची त्या यादीत) तिची ओळ आहे. सिस्टिमडी नव्वद सेकंद वाट बघतं, डिस्क येत नाही, मग इमर्जन्सी. तुमचं दीड मिनिट ते हेच.
आधी कोहा चालू करून घ्या. ग्रबचा मेन्यू आला की ई दाबा. लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत आरओ असेल तिथे आरडब्ल्यू करा, शेवटी जागा सोडून इनिट=/बिन/बॅश, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एफ१० दाबा. मग नॅनोने ईटीसीमधली एफएसटॅब उघडा, हार्ड डिस्कच्या ओळीपुढे हॅश, सेव्ह. सिंक कमांड द्या, मग बटण दाबून धरून बंद करा. ग्रबमधला बदल तेवढ्यापुरताच असतो, घाबरू नका.

बाभूळवन
लाइव्ह पेनड्राइव्हवरून करणं जास्त सोपं. इनिट बॅशमध्ये चुकून भलतीच ओळ उडाली तर?

तात्या_टर्मिनल
पेनड्राइव्हवरून भलती ओळ उडत नाही वाटतं?

वाचनालय_कट्टा
तात्यांचं केलं. कोहा चालू झालं!! मग बंद करून हार्ड डिस्कची केबल पोर्ट ४ वर लावली, बायोसमध्ये आता तिन्ही दिसतात. पण हॅश काढला की परत दीड मिनिट आणि परत तेच. आता काय?

निवांत_नाना
ती ओळ जशीच्या तशी इथे द्या.

वाचनालय_कट्टा
सुरुवातीला डेव्ह, स्लॅश, एसडीबी१ आहे. मग बॅकअप फोल्डरचं नाव, ईएक्सटी४, डिफॉल्ट्स, शून्य, दोन. बाकीच्या ओळी यूयूआयडीच्या (लांबलचक ओळखक्रमांकाच्या) आहेत, ही एकच अशी. डिस्क नंतर कोणीतरी लावून दिली होती.

निवांत_नाना
तेच तर. डेबियनचा इन्स्टॉलर यूयूआयडी टाकतो, ही हाताने लिहिलेली दिसते. डिस्कचा क्रम बदलून आता नवीन पट्टीला एसडीबी नाव मिळालं असणार आणि हार्ड डिस्क एसडीसी झाली असणार. नवीनवर पार्टिशनच नाही, मग एसडीबी१ येणार कुठून? पुन्हा हॅश लावून सुरू करा, सुडोने बीएलकेआयडी कमांड द्या, २ टीबीवालीचा यूयूआयडी त्या जागी टाका. डिफॉल्ट्सनंतर स्वल्पविराम देऊन नोफेल लिहा, मध्ये जागा न सोडता. पुढच्या वेळी डिस्क नसली तरी मशीन अडणार नाही.

बाभूळवन
नोफेल नको! डिस्क लागली नाही तर बॅकअप त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे २४० जीबीवर पडत राहील. कोणाला पत्ता नाही. एक दिवस ती भरेल आणि मारियाडीबी (कोहाचा डेटाबेस) बंद पडेल. त्यापेक्षा अडलेलं बरं, निदान कळतं तरी.

तात्या_टर्मिनल
रविवारी दुपारी सभासद पुस्तक घ्यायला आलेत आणि पडदा काळा, हे बरं? नोफेल ठेवा आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आधी माउंटपॉइंट कमांडने डिस्क लागलीय का ते तपासा. डिस्क नसेल तर स्क्रिप्टने थांबायचं.

बाभूळवन
किंवा डिस्क माउंट (लागलेली) नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर प्लस आय कमांड देऊन टाका. रूटलाही त्यात लिहिता येणार नाही. स्क्रिप्टला हात लावायची गरज नाही.

तात्या_टर्मिनल
हे मात्र झकास.

वाचनालय_कट्टा
यूयूआयडी आणि नोफेल टाकलं, तिन्ही डिस्क दिसतात, दोनदा रीस्टार्ट करून बघितलं. नाना, तात्या, आभार. चॅटर आणि स्क्रिप्टचं सोमवारनंतर. तोवर मशीनला कोणी हात लावणार नाही, मीसुद्धा नाही. नवीन पट्टीही तशीच पडून राहू दे.

निवांत_नाना
चालेल, पण आजचा बॅकअप हार्ड डिस्कवर पडलाय का तेवढं बघा. तारीख बघा, नुसतं फाइलचं नाव नको.

शाईपेन
तात्या, वेगळा धागा काढलाय. या ना तिकडे.